डाव्या अंगाची चमक

६ ऑक्टोबर १९५६

आजही मचवा रिकामा आला. अगदीच रिकामा नाही म्हणा — थोडे खेकडे आणि जाळ्यात अडकलेला एक ओंडका. ओंडका सासूबाईंनी चुलीसाठी ठेवून घेतला.

हे घरी आले. पेज प्यायले, भिंतीकडे तोंड करून झोपले. सगळं कळलं ते नामाकडून. नामा आमच्या मचव्यावरचा जुना खलाशी, त्याच्या पोटात काही राहत नाही. पडवीत बसून सासूबाईंना सांगत होता — "वैनी, तांडेल म्हणतो डाव्या अंगाला पानी चमकलं. आमी समदे बघतो, तर काळोख! तरी म्हणतो टाका जाळं. टाकलं. काय न्हाय!"

अवसेच्या आसपास मासळीचा थवा फिरला की काळोखात पाणी चमकतं. ती चमक बघून जाळं टाकायचं. चमक आधी कुणाला दिसते त्यावर मचव्याचं नशीब. आमच्या मचव्यावर ती मामंजींनाच आधी दिसते, माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून. म्हणून तर मचवा त्यांच्या हुकमावर चालतो, ते तांडेल.

मामंजी अंगणात जाळं पसरून बसले होते. नामाचं बोलणं त्यांना ऐकू गेलंच असणार. मान वर केली नाही.

९ ऑक्टोबर

मामंजींच्या डोळ्यांविषयी लिहून ठेवते. या घरात आले तेव्हा पहिलं कौतुक ऐकलं ते कुलदेवीचं नव्हे, ह्या डोळ्यांचं! वय साठीला आलेलं. रेवदंड्याच्या बंदरावर उभे राहून कोर्लईच्या पलीकडे दिसणारं शीड कुणाचं ते सांगतात, आणि मग थोड्या वेळाने तोच मचवा खाडीत शिरतो. लगेच खाली बसून बारीक सुईत दोरा ओवतात — चष्म्याशिवाय. शाळेचे गुरुजी चाळिशीचे, त्यांना चष्म्यावाचून वर्तमानपत्र वाचता येत नाही. मामंजी त्यांना मुद्दाम हाक मारून बोलावतात आणि त्यांच्यासमोर सुई ओवून दाखवतात. गुरुजी बिचारे हसतात.

बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची, जाळी बोर्लीहूनसुद्धा लोक दुरुस्तीला घेऊन येतात. माझे वडील थळचे. त्यांनी स्थळ पाहिलं तेव्हा घरी येऊन म्हणाले, "केसर, त्या घरात डोळे चांगले हायत." मी म्हटलं, मुलगा कसा आहे? तेव्हा कुठे त्यांना आठवलं.

मुलगा बराच निघाला. पण बोलत नाही. बापासमोर तर अजिबात नाही.

२० ऑक्टोबर

चांदणं आहे. चांदण्यात चमक दिसत नाही, जाळं अंदाजाने टाकायचं. मामंजींचा अंदाज पक्का. सरंगे, हलवे, दोन मोठे घोळ. पाट्या भरून बाजारात गेल्या. नामा गप्प. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागलेली, ती उतरली." मीठ-मिरच्या आठवडाभर चुलीत जळतायत — माझेच डोळे गेले धुराने!

४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. अवस आली. मचवा रिकामा.

पुन्हा तेच. डाव्या अंगाला चमकलं म्हणाले, जाळं टाकलं, काही नाही. पुढे गेले, पुन्हा डाव्या अंगाला. पुन्हा काही नाही. यावेळी नामाने तोंड सोडलं — भर मचव्यावर! "तांडेल, भुतं दिसतात तुमाला. आमाला मासळी पायजे." मामंजी म्हणाले, "मना दिसतं ते दिसतं."

हे मधे होते. तुम्ही काय बोललात, म्हणून ह्यांना विचारलं. "काय बोलणार?" म्हणाले.

५ नोव्हेंबर

नामा गेला. हरेश्वर तांडेलाच्या मचव्यावर. बरोबर आणखी दोघांना घेऊन गेला.

६ नोव्हेंबर

भगत आला होता. त्याने लिंबं कापली, मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेला, गुलाल लावला, मचव्याच्या डाव्या बाजूला कुणी बुडून मेलेला बसलाय असं सांगितलं. सासूबाईंनी हात जोडले. मामंजी म्हणाले, "बसू दे. पण बसला हाय तर वल्हं तरी मार म्हणावं." भगताला राग आला. मला हसू आलं, आत जाऊन हसले.

पण मामंजींना हसताना बघितलं नाही या पंधरवड्यात. सकाळपासून बंदरावर जातात, उगाच शिडं ओळखत बसतात. बरोबर ओळखतात! एक चूक नाही. घरी येऊन सासूबाईंना सांगतात, "सगळी ओळखली." जसं काही कुणी विचारलंय.

११ नोव्हेंबर

आज जाळं आवरताना माझ्या हाताला चुकीचा आस लागला. मग दुसरा. मामंजींनी काल विणलेल्या पट्ट्यात जागोजागी गाठ खालच्या आसात बसायची ती वरच्यात बसली आहे. पहिल्यांदा वाटलं सासूबाईंचं काम. पण त्यांनी गेल्या आठवड्यात जाळ्याला हात लावलेला नाही.

मी कुणाला काही सांगितलं नाही. मागीलदारी बसून उसवलं, पुन्हा विणलं. माझं विणकाम त्यांच्याइतकं चांगलं नाही, पण कुणी बघणार नाही. हे काम मी का केलं? मी या घरातली आहे, त्या मचव्यातली नाही. त्यांच्या डोळ्यांचं कौतुक मी कधीच केलं नाही — उलट कंटाळा आला होता त्या सुईदोऱ्याचा.

तरी ती चूक दुसऱ्याला दिसावी असं वाटेना.

१५ नोव्हेंबर

एक गोष्ट झाली. दुपारी जेवून मामंजी मधल्या खोलीत पडले होते. खिडकी बंद, दार लोटलेलं, आत काळोख. मी आणि सासूबाई पडवीत सुकट निवडत होतो. आतून आवाज — "आली! डाव्या अंगाला!"

सासूबाई घाबरून आत पळाल्या. मामंजी उठून बसलेले, डावा हात पुढे केलेला. "काय आली?" विचारलं तर म्हणाले, "काय न्हाय. झोपेत बोललो असन."

झोपेत नव्हते. घोरण्याचा आवाज आला की मला कळतं, साऱ्या आळीला कळतं!

खोलीत समुद्र नाही. मासळी नाही. मग चमकलं काय? भुताने मचवा सोडून घरात यावं इतकं आमचं घर थंडही नाही. मग चमक पाण्यात नाहीच. डोळ्यात आहे.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. "वय झालं त्याचं," म्हणाले. मी म्हटलं, वय झाल्यावर दिसायचं कमी होतं, नसलेलं दिसायला लागत नाही. हे बिडी ओढत राहिले. शेवटी म्हणाले, "तूच सांग त्याला. मना न्हाय जमत."

मी सांगू! सून होऊन! सहा वर्षांत मी त्यांच्यासमोर उभी राहून चार वाक्यं बोलले नसेन. वाढायचं आणि बाजूला व्हायचं.

१८ नोव्हेंबर

सांगावं लागलं नाही. आज त्यांनीच सुई खाली ठेवली आणि सासूबाईंना म्हणाले, "खालून काळं चढतंय." मी आत होते, कान बाहेर. म्हणाले, जाळ्याकडे बघतो तर नाकाच्या बाजूने खालचे आस दिसत नाहीत, जसं भरतीचं पाणी वर यावं तसं काळं वर येतं. पण मान वर करून समुद्राकडे बघितलं तर सगळं लख्ख! "मंग डोळा बिघडला कसा?" असं म्हणाले.  

पदर डोक्यावर घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "मामा, डॉक्टरांकडे जाऊ या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सासूबाईंकडे. "हिला बोलता येतं?" म्हणाले.

१९ नोव्हेंबर

गावातल्या डॉक्टरांनी डोळ्यात बत्ती मारून बघितलं आणि हात वर केले. मुंबईला न्या, आजच्या आज न्या. चिठ्ठी दिली. हे जाऊ शकत नाहीत, मचव्यावर आधीच माणसं कमी. सासूबाईंना अक्षर ओळखता येत नाही. मला पोरबाळ नाही, सातवी पास आहे — तेव्हा कोण जाणार हे कुणाला विचारावंच लागलं नाही.

मामंजी म्हणतात, चार दिवस थांबा. चार दिवसांनी काय होणार? "तवर जाळं पुरं होईल." ते जाळं मला पुरं करून द्यावं लागणार, हे त्यांना कुठे ठाऊक!

२४ नोव्हेंबर, माझगाव

एसटीने रेवस, तिथून लाँच. मामंजी, सासूबाई आणि मी माझ्या मावशीकडे उतरलो आहोत. आज इस्पितळात गेलो. आता ते नीट लिहून काढते, नाहीतर उद्या विसरेन.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण, चष्मेवाले. पांढऱ्या पाटीवर काळे पंजे काढलेले — कुणाची बोटं वर, कुणाची खाली. निरक्षरांसाठी ती युक्ती. मामंजींचा डावा डोळा झाकला आणि विचारलं. अगदी खालच्या ओळीतले बारीक पंजेसुद्धा त्यांनी पटापट सांगितले. कंपाउंडर म्हणाला, वा आजोबा! मामंजी फुलले. मग उजवा झाकला.

"वरचा मोठा दिसतो?" डॉक्टर म्हणाले. मामंजी म्हणाले, "पाटी कुठंय?"

मग डॉक्टर जवळ आले, उजवा झाकलेला तसाच ठेवून हातात बारीक चित्रांचा कागद दिला. तो नाकाजवळ नेल्यावर वरच्या अर्ध्यातलं दिसलं. खालचं नाही. आता डावा झाकून तोच कागद उजव्याने — तर सगळं धुरकट! मामंजी एकदा कागदाकडे, एकदा पाटीकडे बघायचे. चेहरा असा की कुणी त्यांना न सांगता घरातलं सामान हलवून ठेवलंय.

साठ वर्षांत त्यांनी एकेक डोळा झाकून कधी बघितलंच नव्हतं. का बघतील? मी तरी कधी बघितलं होतं? बाहेरच्या बाकड्यावर बसल्या बसल्या आधी तेच करून पाहिलं. मला दोन्हींनी सारखं दिसतं.

मग डॉक्टरांनी औषध घालून डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या केल्या, काळोख्या खोलीत नेऊन दिवा आत टाकून खूप वेळ बघितलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "सून ना तुम्ही? वाचता येतं? मग तुम्हालाच सांगतो." आणि सांगितलं ते असं —

डोळा म्हणजे गोळा. मागच्या भिंतीला आतून पडदा असतो, बघितलेलं त्याच्यावर उमटतं. मामंजींचा उजवा गोळा लिंबासारखा गोल. डावा मात्र मागच्या बाजूला लांबलेला, अंड्यासारखा. गोळा लांब झाला की लांबच्या वस्तूचं चित्र पडद्याच्या अलीकडेच उमटून जातं, म्हणून लांबचं धूसर. जवळचं मात्र चांगलं दिसतं, अगदी म्हातारपणीही. म्हणजे मामंजी शिडं ओळखायचे ती उजव्याने आणि सुई ओवायचे ती डाव्याने! दोन डोळ्यांनी आपापसात काम वाटून घेतलं होतं आणि मालकाला पत्ताच नव्हता.

गोळा किती लांब आहे ते मोजता येतं का, मी विचारलं. तसं नाही येत म्हणाले, कितव्या नंबरच्या काचेने लांबचं स्पष्ट होतं त्यावरून कळतं, आणि आत बघितलं की पडदा विरलेला दिसतो. गोळा लांबतो, पण आतला पडदा तेवढाच असतो. ताणला जातो, पातळ होतो. मग कधीतरी फाटतो. फाटताना ओढ बसते तेव्हा डोळ्याला उजेड दिसतो. बाहेर उजेड नसला तरी.

मी विचारलं, कुठल्या बाजूला?

"डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या अंगाला बहुतेक. का हो?"

मी म्हटलं, काही नाही.

पडदा आता वरून सुटून खाली येतोय; चित्र त्याच्यावर उलटं पडतं, म्हणून खालून काळं दिसतं. मधल्या भागापर्यंत आला की गेलं. आठवड्याच्या आत ऑपरेशन. खात्री नाही. आणि ऑपरेशन होईपर्यंत पडून राहायचं, वजन नको, धक्का नको. समुद्र तर नाहीच. निघताना म्हणाले, कधीकधी हे घराण्यात असतं, मुलांचे डोळेही तपासून घ्या.

२५ नोव्हेंबर, माझगाव

सांगितलं. मावशीच्या ओट्यावर, सासूबाईंच्या देखत. सगळं सांगितलं — लिंबू, अंडं, पडदा.

मामंजींनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "म्हंजे माजे डोळे चांगले कंदीच नव्हते?"

मी म्हटलं, उजवा चांगला आहे.

"आन ती चमक? समदी खोटीच? पहिल्यापासनं?"

नाही मामा, फक्त ह्या दोन-तीन महिन्यांतली. आधीची खरी होती, मासळी येत होती ना! — असं मी म्हटलं. पण त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. डावीकडे बघत बसले. सासूबाई मला म्हणाल्या, "थोडं तरी राखून सांगायचंस."

काय राखून सांगणार होते? फाटायचं थोडंच थांबणार होतं?

२७ नोव्हेंबर

परत रेवदंड्याला! ऐकेनात. इस्पितळात खाट ठेवली होती, डॉक्टर रागावले. मामंजी म्हणतात, अवस होऊ दे, मग बघू. का ते सांगत नाहीत.

ह्यांना सगळं सांगायला बसले तर म्हणाले, "डोळ्याचं पुराण नको आता, पडदा फाटला ना? कळलं मना." तुमचेही डोळे तपासायला सांगितलेत, म्हटलं. "हंगाम संपू दे."

या घरात सगळ्यांना कशाचा तरी शेवट व्हायला हवा असतो.

३ डिसेंबर

मामंजी काल मचव्यावर गेले. सासूबाईंनी पायावर डोकं ठेवलं, तरी गेले. सुकाणू ह्यांच्या हातात दिलं आणि आपण नाळेवर बसले.

सकाळी परत आले. मचवा रिकामा. ह्यांनी सांगितलं ते असं — तांबडं फुटायच्या आधी बाबा एकदम ताठ झाला. डावीकडे बघत राहिला. हे वाट बघत होते, टाका म्हणेल. म्हणाला नाही. हे विचारायला गेले, "काय दिसतं काय?" तर "न्हाय. काय न्हाय." ह्यांना स्वतःला काही दिसत नव्हतं. मचवा पुढे गेला.

मागून हरेश्वरचा मचवा आला. नामाने ओरडून जाळं टाकलं. त्याच पाण्यात. बांगड्यांचा एवढा थवा की जाळं ओढायला आमच्या दोघांना हाक मारावी लागली.

ती चमक खरी होती. मामंजींनी बघितली होती. सगळ्यांच्या आधी बघितली होती, नेहमीसारखी!

घरी आल्यावर पाय धुतले, पाटावर बसले, जेवले नाहीत. मला हाक मारली. सासूबाईंना नाही, मला. "केसर," म्हणाले, "खरी कनची आन खोटी कनची, मना वळखता येईना. चल मुंबईला."

मला रडू आलं. पडवीत जाऊन रडले. त्यांच्या डोळ्यासाठी नाही. मी सांगितलं नसतं तर पहाटे ते टाका म्हणाले असते.

९ डिसेंबर, मुंबई

काल ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दहा दिवसांपूर्वी हवं होतं. अजून काही सांगता येत नाही.

दोन्ही डोळ्यांना पट्टी — चांगल्यालाही, कारण एक हलला की दुसरा हलतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान वळवायची नाही, खोकायचं नाही, उठायचं नाही. असं कितीतरी दिवस. आयुष्यभर डुलणाऱ्या फळीवर उभा राहिलेला माणूस!

सासूबाईंना तिथे बघवेना, त्या मावशीकडे. भरवायला मी.

१४ डिसेंबर

पहिल्या दिवशी त्यांनी तोंडच उघडलं नाही. सुनेच्या हातून घास! मी म्हटलं, मामा, तुम्हाला दिसत नाही, मला लाज वाटत नाही, आणि खाटेखाली मांजर बसलंय ते खाऊन टाकील. तेव्हा आ केला.

आता बोलतात. डोळे बांधलेले आहेत म्हणून बोलतात असं वाटतं. नामा कसा आहे विचारलं. गेला ते बरं केलं म्हणाले, पोरंबाळं आहेत त्याला. इस्पितळाच्या मासळीला नावं ठेवतात — "ही मासळी मरून किती वर्सं झाली?" बाजूच्या खाटेवरचा पारशी म्हातारा हसतो.

आज मधेच म्हणाले, "ते चुकलेले आस कुनी परत विणले?"

मी पुढचा घास पुढे केला.

"हाताला कळतं गो. तुजी गाठ जाड हाय."

२९ डिसेंबर

काही नाही. वाळू, पेज, पट्टी.

५ जानेवारी १९५७

पट्टी काढली.

उजवा आहे तसा आहे. डाव्याला उजेड कळतो, हात हलवलेला कळतो. बोटं मोजता येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, पडदा बसला आहे, पण मधला भाग आधीच सुटला होता, तो जागा झाला नाही. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं.

मामंजींनी माझ्याकडे बघितलं — उजव्याने. "तू एवडीशी हायस व्हय!" म्हणाले. "आवाज मोठा हाय."

निघताना चष्मा करून घेतला. उजव्याला जवळचं दिसायला. आता सुई ओवायला मामंजींना चष्मा लागतो. दुकानदाराने आरसा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

२० जानेवारी

घरी. गुरुजी भेटायला आले होते. मला वाटलं आता बोलून दाखवतील. तर स्वतःचा चष्मा काढून पुसला, मामंजींचा मागून घेतला, तोही पुसून दिला. समुद्राची हवा, म्हणाले, काच लगेच खारट होते. दोघे खूप वेळ बसले होते.

हंगाम बरा चालला आहे. हे म्हणतात, चमक दिसली तर सगळ्यांना विचारून जाळं टाकतात. वेळ जातो, पण फुकट जात नाही.

११ फेब्रुवारी

ह्यांना पुन्हा म्हटलं, एकदा मुंबईला जाऊन या, डोळे दाखवा. "मना काय झालंय? कोर्लईचा दिवा दिसतो, तुजी आय थळवरून येते ती बी दिसते." विषय संपला.

१७ मार्च

होळी झाली. मचव्याची पूजा केली, नवं निशाण लावलं. मामंजींनी सगळ्या खलाशांसमोर सुकाणूला हात लावला, पाया पडले आणि बाजूला झाले. "आजपासनं हिरामण तांडेल," म्हणाले. बस्स, तेवढंच. ह्यांनी वाकून नमस्कार केला. नामासुद्धा आला होता, नारळ घेऊन. परत येतो म्हणाला. मामंजी म्हणाले, "आता मना विचारू नको, त्याला विचार."

सासूबाई रडल्या. मामंजी नाही. घरी येऊन चष्मा लावून जाळं घेऊन बसले. मी समोर बसून दुसरी बाजू विणली, कुणाला काही वाटलं नाही.

मला आज बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय. गेलं ते गेलं, निभावलं.

२० मार्च

जेवताना हे खुशीत होते. म्हणाले, आता सांग तुझं ते डोळ्याचं पुराण. मी सगळं सांगितलं — मामंजींचा उजवा झाकला तेव्हा पाटीच दिसेना, तिथपर्यंत. हे हसले. हातातला घास तसाच राहिला. "मंग त्यात आजार कसला?" म्हणाले. "डाव्या डोळ्यानं लांबचं दिसतं तरी कुनाला? — तुना दिसतं?"